वैतीभाऊंच्या अकरा काड्या

वैतीभाऊ बोलता बोलता मध्येच गप्प व्हायचे आणि मोजायला लागायचे. समोर कुणी फ्रीज उघडून उभं असलं की झालंच. आमच्या काळाचौकीच्या घरी ते पहिल्यांदा आले, तेव्हा माझी सून फ्रीजमध्ये डोकं घालून कोथिंबीर शोधत होती. भाऊंनी चहाचा कप खाली ठेवला. "एक... दोन... तीन..." सातावर आले आणि ओरडले, "बंद करा! मेली सगली!" सून दचकून मागे सरली. मी तिला म्हटलं, "घाबरू नको गं. आमच्या कामावर सातच्या पुढे गेलं की मरतं, म्हणून त्यांना सवय आहे."

आमचं काम म्हणजे परळची एक प्रयोगशाळा. मी तिथे साफसफाईला होते. सातवी शिकलेली बाई, पण कान उघडे ठेवले की माणूस पुष्कळ शिकतो. तिथे शेळ्यांचे गर्भ गोठवून ठेवत. चांगल्या जातीच्या शेळीला इंजेक्शनं द्यायची, बोकड दाखवायचा, आणि सहा-सात दिवसांनी तिच्या पोटातून ते इवलेसे गर्भ धुऊन काढायचे. डोळ्यांना दिसतसुद्धा नाहीत, सूक्ष्मदर्शकाखालीच दिसतात. एकेक गर्भ पेनच्या रिफिलीसारख्या बारीक काडीत भरायचा. मग मशीन त्याला सावकाश थंड करत न्यायचं. मध्येच एका ठरावीक वेळी अतिथंड पातळ नायट्रोजनमध्ये बुडवलेला चिमटा काडीला हलकेच लावावा लागे, म्हणजे तेवढ्या जागी बर्फाचा पहिला कण धरायचा. दुधाला विरजण लावतो ना, तसं. ते विरजण लावायचं काम डॉक्टर मॅडम वैतीभाऊंकडेच द्यायच्या. त्यांचा हात कापत नसे.

मग त्या काड्या नायट्रोजनच्या कॅनमध्ये. दिसायला पाण्यासारखा, पण उणे एकशे शहाण्णव. तिथे गर्भ वर्षानुवर्षं राहतो. पुढे हवा तेव्हा कोमट पाण्यात आणायचा, दुसऱ्या शेळीच्या पोटात ठेवायचा, आणि पाच महिन्यांनी करडू. मात्र मधल्या काळात काडी थंडीतून वर काढली, तर भाऊंच्या सात आकड्यांच्या आत परत खाली गेली पाहिजे.

भाऊ शीव कोळीवाड्यातले. घरात मच्छीचा धंदा, त्यांची बायको हिराबाई बाजारात बसायची. भाऊ म्हणायचे, "मी जल्मापासून बर्फातच हाय, वयनी. आधी मच्छी, आता बकरी." सकाळी आले की आधी खिडकी उघडायचे, नायट्रोजनची वाफ कोंडली तर माणूस गुदमरतो म्हणून, मग कॅन. लाकडी पट्टी कॅनमध्ये तळापर्यंत सोडायची, वर काढून हवेत हलवायची. जिथपर्यंत नायट्रोजन असेल तिथपर्यंत पट्टीवर पांढरा बर्फ धरतो. तो बोटांनी मापायचा आणि वहीत लिहायचा. एकदा मी विचारलं, "भाऊ, आतला गर्भ जिवंत आहे हे तुम्हाला कसं कळतं?" पट्टी पुसत म्हणाले, "नाय कलत. तीच तर गंमत हाय. मच्छी डोल्यानं बोलते. ताजी का शिली, लांबून सांगते. ही काडी काय बोलत नाय. म्हनून तिच्या वतीनं आपन जागं राहायचं."

सगळ्या काड्यांमध्ये अकरा काड्या त्यांच्या जिवाच्या. सावंतवाडीकडच्या एका म्हाताऱ्याची कोकण कन्याळ शेळी मॅडमनी आणली होती. काळी, तोंडावर पांढरे पट्टे, दरवेळी जुळी देणारी, आणि दुधाला अशी की म्हाताऱ्याला ती देताना रडू आलं. तिचे अकरा गर्भ ठेवले आणि शेळी परत पाठवली. पुढच्याच वर्षी तिकडे शेळ्यांत रोग आला. ती गेली, तिची पिल्लंही गेली. म्हाताऱ्याने फोनवर मॅडमना एवढंच विचारलं, "माझी तुमच्याकडे थोडी आसा ना?" म्हणजे जे काही उरलं ते आमच्या कॅनमध्ये. भाऊंनी मला सांगितलं, "रिटायर व्हायच्या आधी हिचं करडू बगायचं हाय मना." त्यांना आठ महिने उरले होते. पण गर्भ ठेवायला निरोगी शेळ्या मिळायच्या होत्या, आणि मॅडम घाई करायला तयार नव्हत्या.

आता माझी कामगिरी सांगते.

शनिवारी वरचे साहेब बघायला येणार होते. भाऊ रजेवर, पुतणीचं लग्न, रविवारी हळद. मी सकाळपासून घासपूस करत होते. बघते तर मोठ्या कॅनच्या गळ्याला बाहेरून पांढरं धरलेलं, आणि खाली पाणी ओघळतंय. आम्हा बायकांना ओघळ दिसला की हात राहतो का? पुसलं. पुन्हा आलं, पुन्हा पुसलं. तिसऱ्यांदा आलं तेव्हा जुना टॉवेल गळ्याभोवती मफलरसारखा गुंडाळला आणि वरून आमच्या जुन्या टीव्हीचं विणलेलं कव्हर घातलं. छान दिसत होतं. साहेबांनी विचारलंसुद्धा, "हे कुणी केलं?" मी फुगले.

रविवारी चारच्या सुमारास मी हळदीला गेले. गल्लीत मांडव, बँड फुल आवाजात, बायका नवरीपेक्षा जास्त नाचतायत. वैतीभाऊ कपाळापासून कोपरापर्यंत पिवळे. मला बघून ओरडले, "आली गं आली माजी परबवयनी! हिराय, ताट दे तिला!" मी पण बँडच्या वर आवाज काढून माझं कौतुक सांगायला लागले. "भाऊ, काल तुमचा मोठा कॅन लख्ख केला हो! बाहेरून सारखा बर्फ धरत होता, तीनदा पुसला!"

भाऊंचा नाचणारा हात तसाच वर राहिला.

"बाहेरून?"

"हो, गळ्याला."

"कवापासून?"

"काल सकाळपासून. का हो?"

भाऊंनी पायात चप्पल कुणाची सापडली ती घातली आणि निघाले. हिराबाई मागून ओरडली, "अवो, हलदीच्या आंगानं खंय चाललाव?" मी मागे धावले. टॅक्सीत बसल्यावर त्यांनी सांगितलं. कॅनला दोन भिंती असतात, मध्ये हवाच नसते, म्हणून थंडी आत राहते. भिंत फुटली की थंडी बाहेर येते आणि बाहेरून बर्फ धरतो. "कॅन घामेजला म्हंजे कॅन मेला, वयनी. तो बोंबलत होता, आनि तुमी त्याचं तोंड पुसलंव."

गेटवर वॉचमन त्यांना ओळखेचना. "अरे मी हाय, वैती!" म्हटल्यावर तो हसायला लागला, पण भाऊंचं तोंड बघून त्याने गेट उघडलं. आधी खिडकी, मग कॅन. माझं विणलेलं कव्हर काढून त्यांनी माझ्या हातात दिलं. पट्टी आत सोडली, वर काढून हलवली. बर्फ धरला तो दोन बोटं. एरवी दोन वीत असायचा.

फार्मवर न्यायचा छोटा कॅन बाजूला भरलेला होता. भाऊंनी हातमोजे चढवले, मला झाकण धरायला सांगितलं आणि काड्या ठेवलेला एकेक नळा उचलून इकडून तिकडे नेला. मोजत होते, पण आवाज फुटत नव्हता, नुसते ओठ हलत होते. चारच्या पुढे ते एकदाही गेले नाहीत. अकराच्या अकरा काड्या छोट्या कॅनमध्ये गेल्या. पण मोठ्या कॅनमध्ये असताना काड्यांचं खालचं टोक तेवढं बुडालेलं होतं, बाकी सगळ्या वाफेत. वाफही थंडच असते, पण किती वेळ, किती थंड, कोण सांगणार?

मी रडायला लागले. म्हटलं, "भाऊ, पाया पडते, मॅडमना सांगू नका. काड्या तर दिसायला तशाच आहेत. उद्या मोठा कॅन बिघडला एवढंच सांगू."

भाऊ स्टुलावर बसले. घामाने हळद गळ्यावर उतरली होती. म्हणाले, "शिली मच्छी कोनी विकली तर गिऱ्हाइकाला त्याच दिवशी चुलीवर कलते. या काडीचं पाच महिन्यांनी कलनार. मॅडम म्हननार शेली वांझ, नायतर माजा हात चुकला. खरं कुठं शोधनार ती बाय?" मग त्यांनी मॅडमना फोन लावला. आधी स्वतःचं सांगितलं, "मॅडम, रजेवर जाताना मी परबवयनीला कॅनचं सांगून गेलो नाय, ही माजी चूक." आणि फोन माझ्यापुढे केला. "आता तुमची तुमी सांगा."

सांगितली. मॅडम म्हणाल्या, "परबबाई, बाहेर बर्फ आला तर काय समजायचं, हे तुम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं?" मी नाही म्हटलं. "मग उद्यापासून भाऊंकडून शिका. सगळं."

भाऊंनी वहीत लिहिलं, 'रविवार, दोन बोटं, कॅन घामेजलेला.' माझं नाव लिहिलं नाही. मीच मागाहून शेजारी सही केली, वाकडीतिकडी.

दुसऱ्या दिवसापासून मी झाडू ठेवून आधी पट्टी धरायला लागले. भाऊ फार टोमणे मारत. "वयनी, पुसू नका, वाचा!" हे दिवसातून दहादा. फडकं हातात दिसलं की विचारायचे, "आज कोनाचं तोंड बंद करताव?" पण काडी उचलायला शिकवताना आवाज चढवला नाही. रिकाम्या काड्यांवर महिनाभर सराव करून घेतला. म्हणायचे, "हात घाबरला तरी चालेल, आकडा घाबरला नाय पायजे."

त्या अकरा काड्यांविषयी मात्र बोलत नसत. मॅडमनी एकदा विचारलं, "एक वितळवून बघूया का?" भाऊ म्हणाले, "मॅडम, बगायला म्हनून एक गेली तर दहाच राहतील. बगायचं तर बकरीच्या पोटातच बगू."

ते रिटायर झाले तेव्हाही शेळ्या मिळाल्या नव्हत्या. जाताना पट्टी माझ्या हातात दिली. दोन महिन्यांनी एका सकाळी चहा पिऊन बसल्या जागी गेले. हिराबाई म्हणाली, "मना हाक पन मारली नाय."

पावसाळा सरल्यावर शेळ्या आल्या. काड्या काढायच्या दिवशी मॅडमनी दुसऱ्या कुणाला बोलावलं नाही, मला म्हणाल्या, "तुम्ही." मी खिडकी उघडली. अकराही काड्या मी उचलल्या, तडकू नयेत म्हणून क्षणभर हवेत धरल्या, कोमट पाण्यात सोडल्या. मोठ्याने मोजलं, मला त्यांच्यासारखं मनात जमत नाही. मॅडमनी सूक्ष्मदर्शकात बघून पाच बाजूला केले. ते काळवंडून फुटले होते. उरलेले सहा गर्भ शेळ्यांच्या पोटात गेले. त्या पाचांपैकी माझ्या फडक्याचे किती, ते मला कधी कळणार नाही. मॅडम म्हणाल्या, नीट राहिलेल्यातलेही काही जातातच. बऱ्या मनाची बाई आहे.

पाच महिन्यांनी एक शेळी व्यायली. एकच. पाट जन्मली, म्हणजे मादी करडू, काळी, तोंडावर पांढरे पट्टे. मॅडमनी सावंतवाडीला फोन केला, आणि मी कोळीवाड्यात गेले.

हिराबाई बाजार आवरून तशीच आली, अंगाला मच्छीचा वास. फार्मवरच्या गोठ्याच्या दारात चप्पल काढली. खाली बसली, करडाची हनुवटी दोन बोटांनी वर केली आणि त्याचा डोळा उजेडाकडे वळवला, टोपलीतलं पापलेट बघावं तसा. बराच वेळ बघत होती.

मग माझ्याकडे वळून म्हणाली, "ताजी हाय, वयनी."