डंपर नाही, तर रेस नाही

मी मशीन बंद करते. समोर डंपर उभा नसेल तर सरळ किल्ली फिरवते आणि कॅबिनमधून खाली उतरते. कोपरच्या साइटवर यावरून माझ्या नावानं केवढी बोंबाबोंब झाली. होऊ दे. एक दिवस ऐकलं असेल तर शपथ.

मशीन म्हणजे आमचं पोकलेन. आमची जमीन टॉवरखाली गेली तेव्हा बाबांनी ते सेकंडहँड घेतलेलं. ऑपरेटर कंटाळून गावी निघून गेला आणि मी हट्टानं सीटवर बसले, कारण चालवायला मी आधीच शिकलेले. बाबांनी अट घातली, या बिल्डिंगचा पाया खोदून होईपर्यंत बघू, जमलं नाही तर सीट चुलतभावाला. घरात सगळ्यांना वाटत होतं की चार दिवसांचं खूळ आहे, उतरेल. मला ती सीट हवी होती. इतकी हवी होती की रात्री झोपेत हात आपोआप लिव्हर धरल्यासारखे हलायचे.

आता आमच्याकडची रीत अशी, की मशीनची इज्जत आवाजावर. सकाळी इंजिनची रेस फुल करायची ती जेवणाच्या सुट्टीपर्यंत तशीच. डंपर माती टाकायला गेलाय, कल्याणच्या रस्त्यावर अडकलाय, तरी इकडे मशीन गुरगुरतंच. नाक्यावर बसलेले काकालोक नुसत्या आवाजावरून सांगतात, आज कुणाचं काम जोरात आहे. बाबा गेटपाशी प्लास्टिकच्या खुर्चीत बसून तो आवाज ऐकायचे. मी तो बंद केला की खुर्चीतून उठायचे.

"कनाला बंद केलंस?"

"कशाला म्हणजे? डंपर कुठंय, बाबा?"

"नसू दे. चालू ठेव. लोकांना वाटंल, याचा मशीन बिघडला."

लोकांना वाटेल म्हणून डिझेल जाळायचं. वा रे वा. आणि डिझेल कुणाचं, तर आपलंच.

खोदतानाही माझं असंच. डंपर जवळ घ्यायला लावायचे, म्हणजे मशीनचा लांब हात, बूम, उगाच अर्धा गोल फिरवावा लागत नाही. बकेट दगडात अडकली की बाकीचे ऑपरेटर लिव्हर ओढतच राहतात, आत हायड्रॉलिक तेल किंचाळतं, इंजिन दबतं आणि दगड आपला तिथेच. मी सोडून द्यायचे, थोडं मागे घेऊन लहान घास घ्यायचे. चुलतभाऊ कडेला उभा राहून म्हणायचा, "ताई, मशीन आहे, बाळाला भरवत नाहीयेस." मी म्हणायचे, तू गप.

मग एका दुपारी बाबा त्यालाच घेऊन आले. डंपर गेलेला, मशीन बंद, मी सावलीत पाणी पीत होते. नाक्यावर कुणीतरी काहीतरी बोललं असणार, बाबांचा चेहराच सांगत होता.

"बास झाला. किल्ली दे याला."

माझं टाळकं सटकलं. मी वर चढले, मशीन चालू केलं, रेस फुल केली. लिव्हरला बोट लावलं नाही. तसंच चालू ठेवलं, बराच वेळ. बाबा खाली उभे, चुलतभाऊ हसतोय. मग उतरले आणि बाबांना हाताला धरून हायड्रॉलिक तेलाच्या टाकीपाशी नेलं.

"लावा हात."

त्यांनी हात लावला आणि झटकन काढला.

"किती माती निघाली?" मी विचारलं. "ढेकूळ तरी हललं? तेल नुसतं गोल फिरतंय, तापतंय, परत टाकीत येतंय. तुम्ही आजोबांच्या मिठागरात नको तेव्हा उघाडीचं दार उघडून तयार मिठावर खाडीचं पाणी घेतलं असतंत, तर आजोबांनी काय केलं असतं?"

बाबांनी भाजलेली बोटं सदऱ्याला पुसली.

"मना बांधावरून फेकला असता," ते म्हणाले.

मी वर चढून मशीन बंद केलं आणि खाली येऊन किल्ली कुर्त्याच्या खिशात टाकली. चुलतभावानं हात पुढे केला होता, तो तसाच राहिला. म्हटलं, सीट पाहिजे तर खिशातून किल्ली काढून घ्या, मी हातानं देणार नाही. कुणी काढली नाही. बाबा खुर्चीकडे गेले. संध्याकाळी घरी जेवताना माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत आणि मला घास गोड लागला नाही. आई म्हणाली, कशाला अडून बसतेस बापाशी. मी म्हटलं, बसणार.

दुसऱ्या दिवशी पुन्हा डंपर अडकला. मी किल्ली फिरवली आणि काढून खिशात टाकली. साइटवर अशी शांतता झाली की गेटवरचं बोलणं मला वरून ऐकू येत होतं. तेवढ्यात नाक्यावरचे एक काका बाइक थांबवून बाबांना म्हणाले, "काय रं, बिघडला ना मशीन? पोरीच्या हातात देलास त..."

बाबा आता उठणार, किल्ली मागणार, आणि सगळ्यांसमोर मागितली तर मी नाही म्हणू शकणार नाही, हे मला कळत होतं.

बाबा उठलेच नाहीत. खुर्चीत बसल्या बसल्या म्हणाले, "डंपर नाय त रेस कनाला? डिझेल काय तुझा बाप देतंय?"

माझंच म्हणणं, आणि बोलले असे, जणू जन्मापासून त्यांचंच होतं. माझ्याकडे वळून बघितलंसुद्धा नाही. रागही आला आणि डोळ्यांत पाणीही आलं. मग डंपर गेटातून आत आला आणि मी खिशातली किल्ली काढून मशीन चालू केलं.