नदीची ओटी

आम्ही नवरा-बायकोनं मिळून शेवटचं काय केलं, तर मेथी निवडली. कतारमध्ये, दोहाजवळच्या अल वक्राच्या फ्लॅटात, जमिनीवर पेपर पसरून. वर्ल्डकपचं स्टेडियम उभं राहत होतं, मुलगा त्याच कामावर. त्याला कशीबशी सुट्टी मिळालेली. आफ्रिकेतला मोठा धबधबा बघायचं ठरलं होतं. बायकोनं नारळ, खण, तांदूळ आधीच बांधून ठेवले होते. मोठी नदी दिसली की ओटी भरल्याशिवाय ती पुढं सरकायची नाही.

म्हटलं, "तिथले लोक हसतील."

"हसू देत. तुम्ही मुकाट्यानं नारळ धरा."

दुपारी जेवून आडवी झाली, ती उठलीच नाही.

दिवसकार्य उरकून गावाहून परत आलो. मला कुठं जायचं नव्हतं. पण ते गाठोडं कपाटात तसंच. शेवटी सुनेला सांगितलं, तिचं राहिलेलं काम आहे, सवाष्ण म्हणून तू भर.

आफ्रिकेत आधी जंगल पाहिलं. हत्तींचा कळप नदी पोहून गेला, पिल्लू मधे घेऊन, सोंडा तेवढ्या वर. शाळेत असलं काही दाखवलं असतं तर मी बसलो असतो शाळेत.

मग धबधबा. दिसायच्या आधी तो छातीत घुमतो. अख्खी नदी भुईच्या भेगेत पडते, धूर होऊन आभाळात चढते आणि पाऊस होऊन आपल्याच डोक्यावर येते. वाळवंटात वर्षं काढलेला माणूस मी, तोंड उघडं टाकून भिजत राहिलो.

सुनेनं गाठोडं सोडलं मात्र, एक दांडगं माकड नारळ घेऊन पळालं. दुसऱ्यानं तांदूळ नेले. खण मी पायानं दाबला म्हणून राहिला. ओटीच्या खणावर पाय. ती असती तर फाडून खाल्लं असतं मला. सून रडायला लागली. गार्ड म्हणाला, पाण्यात तसंही काही टाकू देत नाही. मला मात्र ती गेल्यापासून पहिल्यांदा हसू आलं.

कठड्याशी गेलो, दोन्ही हातांवर खण पसरला, नदीला म्हटलं,

"तिचं सगळं माकडांनी नेलं, बाई. आता तूच भर."

पाणी पडतच होतं. खण जड होऊन लोंबायला लागला तेव्हा घडी घातली. पिळला नाही.

दोहाला परतलो. दुसऱ्या दिवशी सकाळी ओला खण बाल्कनीतल्या दोरीवर टाकला. समोर क्रेन फिरत होत्या. चहा होईस्तोवर वाळला. सुनेच्या हातात दिला, म्हटलं, शिवून घे.

"रंग उतरलाय हो, बाबा."

म्हटलं, उतरू दे.