पेटी उचलायला सहा जण

न्यूझीलंडमध्ये पापाकुराला मुलाकडे कायमची राहायला आले तेव्हा मी एकाहत्तर वर्षांची होते. शेजारच्या घरातली बाई माझ्याच वयाची, विधवा, एकटी. पहिल्याच आठवड्यात ती कुंपणावरून लिंबं द्यायला आली आणि मग रोज दहाच्या चहाला एकमेकींकडे जाणं सुरू झालं. माझं इंग्रजी पुण्यातल्या नोकरीपुरतं, तिचं बोलणं भरभर. पण जमलं.

ती सहा भावंडांतली, मी सातांतली. "महायुद्ध संपलं, बाप घरी परतले आणि गल्लीभर पोरंच पोरं झाली," ती सांगायची. तिच्या शाळेत वर्ग पुरेनात म्हणून व्हरांड्यात बाकं टाकली होती. आमची शाळा दोन पाळ्यांत भरायची. तिला पुढे दोनच मुलं झाली, मुलगा पर्थला, मुलगी ब्रिस्बेनला. मला एकच मुलगा. नातवंडं दोघींनाही एकेक. वृद्धांच्या वसाहतीत घर मिळावं म्हणून तिने नाव नोंदवलं होतं. "आमची पिढी जाईल तिथे रांग," ती म्हणाली. हसली मात्र नाही.

मागच्या जुलैत, कडाक्याच्या थंडीत, एक दिवस ती दहाला आली नाही. मी गेले. मागचं दार उघडं होतं आणि ती स्वयंपाकघरात जमिनीवर पडलेली. शुद्धीत होती. माझा हात धरून म्हणाली, "मुलांना कळवू नकोस. उगाच धावत येतील."

मी अ‍ॅम्ब्युलन्स बोलावली आणि मुलीला फोन केलाच. आठव्या दिवशी ती गेली. मुलगी जवळ होती, मुलगा अजून विमानात.

अंत्यविधीला सभागृह भरलं होतं, पण बहुतेक डोकी पांढरी. पेटी गाडीपर्यंत न्यायला सहा जण लागतात. मुलगा, मुलगी, नातू झाले. तिचा एक दीर पुढे आला, दोन्ही गुडघे बदललेला. धाकटा भाऊ काठीवर. भाचे परदेशी पांगलेले. अंत्यविधीची व्यवस्था पाहणारा माणूस हळूच म्हणाला, "ट्रॉली आहे आमच्याकडे." मुलीने नकारार्थी मान हलवली आणि ती माझ्यापाशी आली.

"तुम्ही धराल? आईला आवडलं असतं."

माझ्या वडिलांना भावांनी खांदा दिला, आम्ही बहिणी दारात उभ्या होतो. नवऱ्याच्या वेळी दीर म्हणाले, "वहिनी, तुम्ही मागे थांबा." मी थांबले होते.

"आई, तुझी पाठ..." माझा मुलगा म्हणाला.

"दुखू दे. तूही ये."

असे सहा झालो. इथे पेटी खांद्यावर नाही घेतली, बाजूच्या कड्या धरून नेली. तिच्या दिराचा पाय प्रत्येक पावलाला कापत होता. आम्ही सगळे त्याच्या चालीने चाललो. माझ्या बोटांना कळ लागली, पण कडी सोडली नाही. गाडीत पेटी सरकवल्यावर तिच्या मुलीने मला मिठी मारली आणि पहिल्यांदा मोठ्याने रडली.

घरी आल्यावर मी चौदा वर्षांच्या नातीला सांगितलं, "माझ्या वेळी तूही हात लाव."

ती मराठी समजते, उत्तर इंग्रजीत देते. "ओके, आजी," म्हणाली. थोड्या वेळाने परत येऊन माझ्या शेजारी बसली.

"वॉज शी हेवी?"

"हो," मी म्हटलं. "खूप."