एकवीस घरांतलं अकरावं घर

दुसऱ्याच्या मिळकतीवर इतका जीव टाकणारा माणूस आमच्या साडूंखेरीज अख्ख्या मराठवाड्यात सापडायचा नाही, आणि तेही स्वतःच्या एका पैशाच्या फायद्याशिवाय! मुकुंदवाडीत राहणारे हे निवृत्त गणित मास्तर गेली एकोणीस वर्षं एकाच प्रश्नाच्या मागे आहेत: कन्नड तालुक्यातलं मधलं घर वर्षाला किती कमावतं? सरासरी नव्हे हं! सरासरी म्हटलं की त्यांच्या कपाळाची शीर फुगते. "साडूभाऊ, एका बागायतदारानं दोन मजले चढवले की सरासरीत सगळं गाव श्रीमंत होतं. मला घरं गरिबापासून श्रीमंतापर्यंत ओळीनं उभी करून बरोबर मधलं पाहिजे!" हे समजावताना एकदा त्यांनी स्वयंपाकघरातले एकवीस डबे उंचीप्रमाणे मांडले आणि अकरावा उचलून विजयी मुद्रेनं फिरायला निघून गेले. त्यात साखर होती. त्या दिवशी मेहुणीनं पाहुण्यांना अगोड चहा पाजला.

नमुना म्हणून त्यांनी त्याच तालुक्यातल्या पिशोर गावची एक गल्ली धरली आहे. घरं एकवीस. दर उन्हाळ्यात चुरगळलेल्या शर्टात, एसटीनं, एकटे जातात. मिळकत ज्याची त्याला विचारायची नाही, हा त्यांचा नियम. कारण उत्पन्नाचा दाखला काढायचा असला की माणूस कमी सांगतो आणि घरात लग्नाचं कोणी असलं की जास्त. म्हणून प्रत्येकाला शेजाऱ्याचं विचारायचं: "त्यांचं कसं काय चाललंय?" स्वतःबद्दल मुका असलेला माणूस शेजाऱ्याच्या म्हशीपासून जावयाच्या पगारापर्यंत सगळं धडाधड सांगतो! त्यातून ओळ लागते, अकरावं घर सापडतं, त्याचं पीक, दूध, मजुरी जोडून आकडा निघतो आणि बैठकीतल्या लांबलचक कागदावर एक ठिपका पडतो. असे अठरा ठिपके. त्यातला एकही खोटा नाही, एवढीच या माणसाची इस्टेट.

यंदा त्यांच्या गुडघ्यांनी संप केला, म्हणून मी गाडी काढली. दोघी बहिणी ठेवणीतल्या साड्या नेसून मागे बसल्या. मीही कडक इस्त्रीचा शर्ट चढवला होता, आणि पोट तर देवानं दिलेलं आहेच. काय ते स्वागत! घरोघरी पोहे! साडूंनी शेजाऱ्याचं विचारायचा अवकाश, की उत्तर यायचं, "लई भारी घर हाय, पाव्हणं! दूधच बादलीनं निघतंय. बिनघोर ऱ्हावा." दारोदारी ट्रॅक्टर! परतताना साडू सीटवर मावेनात. "मधलं घर कुठल्या कुठं गेलं, साडूभाऊ! तालुका उठला!" कन्नडला गाडी थांबवून त्यांनी किलोभर पेढे घेतले.

तेवढ्यात मागून माझी बायको म्हणाली, "भावजी, तो लाल ट्रॅक्टर चार घरांपुढं उभा होता. निळा गोंडा तोच, ड्रायव्हरही तोच."

"आणि मला तिघींनी विचारलं," मेहुणी म्हणाली, "मुलगा काय करतो म्हणून."

साडूंचा पेढा तोंडाशीच थांबला. मास्तर यंदा शहरातला वरबाप घेऊन आलेत, असं गल्लीनं ठरवून टाकलं होतं. आणि सोयरीक जुळत असताना शेजाऱ्याचं उणं सांगायचं नाही, ही तिथली रीत.

"आकडा थोडा कमी करून टाका ना," मी म्हणालो. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी मुकाट्यानं गाडी वळवली.

गेल्या साली अकरावं आलेलं घर त्यांनी आधी गाठलं. घरच्या बाईंपुढं हात जोडले. "वहिनी, चूक माझी. हे स्थळ नाही. यांना दोन्ही मुलीच आहेत."

बाई माझ्याकडे बघतच राहिल्या. मुलगा नसल्याची एवढी शरम मला जन्मात वाटली नव्हती. "म्हंजे... स्थळ नाय व्हय?"

दारामागून त्यांची लेक खुदकन हसली. "मी म्हणत नव्हते का आई? मास्तरकाका दरसालच सगळ्यांचं इचारतात!"

बाईंनी पदर सावरला. "मंग शेजाऱ्यांचं कशाला इचारता? आमचं आमीच सांगतो. लिवून घ्या." आणि मका, दूध, शिलाई, सगळं घडाघडा सांगितलं. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा! ते ऐकून शेजारीण ओट्यावर आली, "आमचं बी लिवा," मग तिचा दीर, मग सगळी गल्ली. ट्रॅक्टरवाल्यानं तर हप्तेसुद्धा सांगितले! साडूंची पेन्सिल थांबेना. ओळ लागली, तेव्हा अकरावं घर पुन्हा त्याच बाईंचं निघालं.

"मास्तर," त्यांनी हळूच विचारलं, "मागल्यापरीस वर गेलं का?"

साडूंनी तीनदा हिशेब केला. "गेलं, वहिनी. सालाला दोन गॅसच्या टाक्यांइतकं."

"बरं झालं," बाई म्हणाल्या. साडूंनी पेढ्यांचा पुडा त्यांच्या लेकीच्या हातात दिला.

दुसऱ्या दिवशी मी मुकुंदवाडीला गेलो, तर ते त्या कागदापुढं उभे होते. मी दारातूनच म्हणालो, "गेल्या सालचा ठिपका अन् यंदाचा, फरकच दिसत नाही हो."

ते बाजूला सरकले, मला जागा करून दिली आणि म्हणाले, "लांबून नाही दिसायचा. जवळ या."