पिठावरचे दाणे

राजारामपुरीतल्या गिरणीवाल्याच्या पापण्यासुद्धा पिठानं पांढऱ्या असायच्या. दळण टाकण्याआधी तो प्रत्येक डब्यातले चार दाणे कागदाच्या पुडीत बांधायचा आणि पीठ झालं की ती पुडी वर ठेवून झाकण लावायचा.

मी जावा या संगणकाच्या भाषेत काम करतो. तिथं यादी कशाची आहे, म्हणजे तिचा प्रकार, लिहिताना सांगता येतो. पण प्रोग्राम चालू झाला की वस्तू राहतात आणि यादी कशाची होती हे जावा विसरते. दोन दिवस मी त्यातच अडकलो होतो, तसाच दळण आणायला गेलो.

"पुडी कशाला?" मी चिडूनच विचारलं.

"वरी काय आन तांदूळ काय, पीठ बोलतंय व्हय पावणं?" तो ओरडला. मग गिरणी बंद करून हळू म्हणाला, "एका आज्जीचा उपास मोडला माझ्या हातनं. तवापासनं दाणं संगटच देतो."

घरी येऊन मीही यादीसोबत तिचा प्रकार वेगळा पाठवला. काम झालं.

यंदा गिरणीला कुलूप लागलं. त्याचा पत्ता शोधत फिरलो, तर सगळ्यांचा एकच प्रश्न, "नाव काय त्याचं?"

चार वर्षं मी त्याला गिरणीवालाच म्हणत आलो. जावा प्रकार विसरते, पण वस्तू जपते. मी नुसता प्रकार जपला.