आप्पांसोबत जोडलेला कॉम्प्युटर

बारावीच्या वर्षी लातुरात आमचा दिवस क्लासच्या घंटेवर चालायचा. एका रविवारी टेस्टचे मार्क बघायला मी क्लासच्या खालच्या सायबर कॅफेत गेले. कॅफेचा मालक चाळिशीचा होता आणि स्वतःच्या मशीनवर गेम खेळत बसला होता. पडद्यावर डोंगर होता, डोंगराच्या उतारावर गवत होतं, आणि ते गवत वाऱ्यानं हलत होतं. सगळं एकदम नाही, एकेक काडी वेगळी. मार्क बघायचे विसरून मी तिथंच उभी राहिले.

मी विचारलं, कुठल्याही कॉम्प्युटरवर असं दिसतं का. त्यानं नाही म्हणून मान हलवली. मग आपल्या कॅबिनेटचं बाजूचं झाकण काढून त्यानं मला आतलं दाखवलं. चित्र काढणारं कार्ड वेगळं असतं, म्हणाला. तयार डबा घेतला तर ते मिळत नाही. सगळे भाग निवडून आपणच जोडावे लागतात.

हे असं आपल्या हातानं जोडता येतं, ही गोष्टच मला नवी होती.

आमचं मूळ गाव किल्लारीच्या शेजारचं. भूकंप झाला तेव्हा मी तीन वर्षांची होते आणि आईबरोबर तिच्या माहेरी उदगीरला होते. आप्पा, म्हणजे माझे वडील, शेतातल्या खोपीत झोपले होते म्हणून वाचले. घरात त्यांची आई आणि धाकटा भाऊ होता. पुढं गावं नव्यानं बसवायला लागले, तेव्हा आप्पा त्या कामावर आधी मजूर म्हणून लागले आणि तिथंच गवंडी झाले. नंतर लातुरात क्लासेसचं पेव फुटलं, जिकडं तिकडं होस्टेलं उठायला लागली, आणि आम्ही दोन खोल्या भाड्यानं घेऊन शहरात आलो.

मला नांदेडजवळच्या विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात प्रवेश मिळाला, तेव्हा आप्पा म्हणाले, कॉम्प्युटर घेऊन देतो. खोटं बोलायची इच्छा होईना. मी सांगितलं, अभ्यासाला साधाही चालेल, पण मला गेम चालेल असा पाहिजे. ते रागावले नाहीत. म्हणाले, आधी मला दाखव. मी त्यांना त्या कॅफेत नेलं. मालकानं गेम लावला. आप्पा खुर्चीवर बसले नाहीत, कामावरचे कपडे होते म्हणून. उभ्यानंच त्यांनी डोंगर पाहिला, पायथ्याचं दगडी गाव पाहिलं, पूल पाहिला.

"हे कुनी बांधलं?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं की माणसंच बांधतात, कॉम्प्युटरवर बसून. घरी जेवताना आप्पा म्हणाले, "घे तसलाच."

नांदेडला होस्टेलवर राहायला गेल्यावर मी यादी करायला बसले. प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, हार्ड डिस्क, ग्राफिक्स कार्ड, कॅबिनेट, आणि या सगळ्यांना वीज पुरवणारा एसएमपीएस. कॉलेजच्या लायब्ररीत कॉम्प्युटरची जुनी मासिकं होती, त्यातून कशाला काय जुळतं ते मी वहीत उतरवून घ्यायचे. प्रोसेसर बदलला की मदरबोर्ड बदलायचा, मदरबोर्ड बदलला की रॅम. दोन महिने मी ती यादी पुसून पुसून लिहिली. आप्पांनी सांगितलेला आकडा तीस हजार होता आणि माझी यादी काही केल्या त्यात बसत नव्हती. मॉनिटर जुना, जाड काचेचा घ्यायचं ठरवलं. हार्ड डिस्क छोटी केली. कार्डाला मात्र हात लावला नाही. ते गवत कार्डावर होतं.

दिवाळीच्या सुट्टीआधी आप्पा नांदेडला आले. आम्ही वजिराबादेतल्या एका गल्लीतल्या दुकानात गेलो. दुकानदारानं माझी यादी वाचली आणि मला विचारलं, ही तुम्ही स्वतः केली का. मी हो म्हटलं. त्यानं पुन्हा वरपासून वाचली. मग म्हणाला, तरी थोडं वर जातंय. एसएमपीएस काढून टाका, कॅबिनेटसोबत एक फुकट येतो, त्यानं भागेल. मी लगेच कबूल झाले.

आप्पांनी काउंटरवरच्या वस्तू एकेक करून हातात घेतल्या होत्या. मदरबोर्ड त्यांनी बराच वेळ पाहिला. त्यावरच्या बारीक रेघांवरून बोट न टेकवता फिरवलं. मग दुकानदाराला विचारलं, "ह्या सगळ्याचा भार कशावर हाय?"

दुकानदाराला कळलं नाही. आप्पांनी पुन्हा विचारलं की ह्यातलं काय गेलं तर बाकीचं सगळं जाईल. माणूस सरळ होता. म्हणाला, "हाव मामा, खरं सांगू का, एसएमपीएस. तो जळला तर कधी कधी सगळ्यांना घेऊन जळतो."

"मग त्येच्यात हात आखडू नगा. चांगला द्या."

म्हणजे कार्ड लहान घ्यावं लागणार होतं. मी आप्पांना दुकानाबाहेर नेलं आणि सांगितलं, त्या कार्डासाठीच तर हे सगळं चाललंय. ते ऐकून घेत होते. मग भूकंपाबद्दल ते माझ्याशी पहिल्यांदा बोलले.

"आपल्या घराच्या भिती दोन हात रुंद होत्या, माय. दिसायला किल्ला. आत नुसता दगड अन् माती. सांधा न्हवता. मी ते दगड हातानं काढल्यात."

एवढंच. मी आत गेले आणि यादीतलं कार्ड खोडून लहान लिहिलं.

खोकी घेऊन आम्ही एसटीनं लातूरला आलो. अहमदपूरपर्यंत मदरबोर्ड माझ्या मांडीवर होता, पुढं आप्पांच्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी आईनं धुतलेली चादर जमिनीवर अंथरली. मी मदरबोर्डसोबतच्या पुस्तिकेतली चित्रं बघून जोडत गेले आणि आप्पा स्क्रू देत गेले. प्रोसेसर खाचेत अलगद बसला. त्याच्या आणि वरच्या पंख्याच्या मध्ये लावायची पेस्ट मी भरपूर घेतली, तर गवंडीकामात सांगावं तसं म्हणाले, माल कमी लाव, दोन्ही बाजू टेकल्या पायजेत. प्रोसेसरच्या काडेपेटीहून लहान अशा त्या चौकोनात काय काय भरलंय ते मी त्यांना सांगत होते आणि सांगता सांगता मलाच खरं वाटेनासं झालं.

बटण दाबलं. पंखे फिरले. पडदा काळाच राहिला.

मी सगळं काढलं, पुन्हा लावलं. तरी काळाच. माझा धीर सुटला. आप्पांनी पुस्तिका मागितली. इंग्रजी त्यांना येत नव्हतं, पण नकाशा येत होता. ते खिडकीपाशी बसले आणि एकदा चित्र, एकदा बोर्ड असं बघत राहिले. बऱ्याच वेळानं त्यांनी बोर्डाच्या कोपऱ्यात बोट ठेवलं. प्रोसेसरशेजारी चार भोकांची एक जागा रिकामी होती. चित्रात तिथं वायर होती. मी एसएमपीएसची तशी वायर शोधून तिथं खोचली.

या वेळी बारीक टीं असा आवाज आला आणि पडद्यावर पांढरी अक्षरं उमटली. आई स्वयंपाकघरातून ओल्या हातानं बाहेर आली. आम्ही तिघं ती अक्षरं बघत राहिलो. आदल्या दिवशी हे खोक्यांत पडलेले निर्जीव तुकडे होते, आणि आता ते आपण कोण, आपल्याजवळ रॅम किती, हे स्वतःहून सांगत होते.

संध्याकाळपर्यंत लागणारं सगळं सॉफ्टवेअर भरून झालं आणि मैत्रिणीकडून आणलेली त्याच गेमची सीडी लावली. लहान कार्डाला झेपेना म्हणून मला बरंच काही बंद करावं लागलं. गवत गेलं, उतार नुसता हिरवा राहिला. मला ते लागलं, पण आप्पांना सांगितलं नाही. ते माझ्यामागं खाटेवर बसले होते. म्हणाले, त्या डोंगराच्या मागं जाता येतं का. मलाही ठाऊक नव्हतं. मी चढायला लागले. चढ लांब होता, मध्येच चित्र अडखळायचं.

माथ्यावर पोचलो आणि पलीकडं समुद्र निघाला.

आमच्यातल्या कुणीच समुद्र पाहिला नव्हता. पाणी पार पडद्याच्या कडेपर्यंत होतं आणि त्यावर मावळतीचा उजेड पसरला होता. आई खाटेच्या कडेला टेकली. तिनं विचारलं, खरा एवढाच असतो का. मी म्हटलं, याच्याहून मोठा असेल.

आप्पा पुढं सरकले. "थांब जरा," ते म्हणाले, "हलवू नको."

मी माउसवरचा हात काढून घेतला.