बीदरचा दागिना

लातूर जिल्हा झाला त्या साली पाऊस फिरकलाच नाही. कापायला पीकच नव्हतं, तर विळ्याला धार कोण लावून घेणार? मुरुडच्या बाजारात खातूनबीचं सहाणचाक चार आठवडे नुसतं उभं होतं.

तिचे आजोबा निजामाच्या फौजेतल्या अरब जमादारांची हत्यारं उजळायचे. परकराच्या वयातच खातूनबीला पातं ओळखता यायचं. पुढं सगळं आयुष्य अडकित्ते आणि खुरप्यांत गेलं.

आणि एक दिवस लातूरच्या नव्या कचेरीतून पंचशीला नावाची तरुण कारकून थेट तिच्या पालावर आली.

"मावशी, तळ्याचा गाळ काढताना जुना खंजीर सापडलाय. कुठला ते लिहायचंय. चलता का?"

"चलते की! बसूनच तर हाय."

कचेरीत वस्तुसंग्रहालयाचे मन्मथराव पुस्तक उघडून बसले होते. टेबलावर आकड्यासारखा वाकलेला खंजीर. "जंबिया आहे. मूळ ठिकाण अरबस्तान. लिहा," ते म्हणाले.

खातूनबीनं पात्यावर नख टिचकावलं, कान लावला. "साहेब, एक लिंबू मागवा."

"अहो, सरबत नंतर!"

"प्यायला न्हाई, ह्याला पाजायला."

चहावाल्यानं अर्धं लिंबू दिलं. तिनं नखाएवढ्या जागेवर रस चोळला, पदरानं पुसलं. काळ्या पोलादावर बारीक लाटा उमटल्या. मन्मथराव खुर्चीतून उठले.

"ह्याला जौहर म्हणत्यात. पोलाद तेलंगणातलं. आन् मुठीवरची ही चांदीची येल बघा, काळ्यात बसवलेली. बीदरच्या कारागिराबिगर कुणाला जमती?"

"पण घाट तर अरबी आहे ना?"

"हाव, घाट अरबीच. आजा अरबांच्या यमनचा, माय तेलंगणातली, दागिना बीदरचा. लेकरू मातर आपल्याच मुलखात वाढलं!"

मन्मथराव आधी भिंग लावून बघत राहिले, मग पोट धरून हसले. "मी वीस वर्षं फक्त घाटच बघत आलो, बाई."

पंचशीलाची अडचण वेगळीच. "साहेब, मूळ ठिकाणाला रकाना एकच आहे."

"मग कागद चिकटवा!"

तिनं चिकटवला. तिन्ही मुलखांची नावं लिहिली आणि खाली, 'ओळख पटवली: खातूनबी, धारवाली, मुरुड.' वाचून दाखवलं तेव्हा खातूनबीनं ते पुन्हा एकदा वाचायला लावलं.

पुढच्या सोमवारी दोन तलवारी बघायला यायचं ठरलं. परतीच्या एसटीत कंडक्टरनं तिकीट विचारलं, तर तिनं आधी त्याला यमनपासून सगळं सांगितलं. मुरुड आलं तेव्हा ती बीदरपर्यंत पोचली होती, आणि गाडीतलं कुणी उतरायला तयार नव्हतं.